टॅक्सीच्या बॉनेटखालची शर्यत

कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीकडे येताना 'प्रीमियर' हे नाव अजून कानावर पडतं. ते ऐकलं की डोळ्यांसमोर उभी राहते काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. खरं तर पद्मिनीचं माहेर कुर्ल्याचं. इकडे आपल्या बाजूला १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ निघाली आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. पण आज मला बोलायचंय ते पद्मिनीच्या इंजिनाबद्दल. हे इंजिन जातीचं शर्यतीचं, असं मी सांगितलं की लोक हसतात.

गोष्ट सुरू होते १९३७ साली, इटलीत. दान्ते जियाकोसा या इंजिनिअरने फियाटच्या ५०८ सी या गाडीसाठी चार सिलिंडरचं इंजिन आखलं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हिशेब केला की १,०८९ सीसी. शर्यतीत गाड्यांचे गट सीसीवर पडत आणि त्यातला एक गट ११०० पर्यंतचा होता. म्हणजे हे इंजिन त्या गटात अगदी काठोकाठ बसत होतं. मग शर्यतवाले ते सोडतात कशाला? १९४० साली एन्झो फेरारी यांनी स्वतःची पहिली मोटार बांधली, तीसुद्धा ५०८ सीच्या सांगाड्यावर. फेरारी आणि आपली टॅक्सी लांबून का होईना, एकाच कुळातल्या!

युद्ध संपल्यावर ट्यूरिनच्या चिसितालिया कंपनीने हेच १,०८९ सीसीचं इंजिन एका चिमुकल्या एकआसनी गाडीत बसवलं. ताकद साठेक अश्वशक्ती, वजन पद्मिनीच्या निम्म्याहूनही कमी. सप्टेंबर १९४६ मध्ये ट्यूरिनलाच शर्यत झाली. ताझिओ नुव्होलारी हा पन्नाशी ओलांडलेला, नावाजलेला गडी चालवत होता आणि धावत्या गाडीचं स्टीअरिंग चाक निखळून त्याच्या हातात आलं. पठ्ठ्याने ते हातात धरूनच गाडी पिटपर्यंत आणली. पुढच्या वर्षी मिले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत, भर पावसात, याच जातीच्या इंजिनावर तो दुसरा आला. पहिली आलेली आल्फा रोमिओ होती जवळजवळ तीन लिटरची.

१९५३ मध्ये फियाटने घरगुती बैठकीची ११००/१०३ ही गाडी काढली. तिचीच 'तुरिझ्मो व्हेलोचे' नावाची चपळ बहीण पन्नासेक अश्वशक्तीची होती. माणसं तीच गाडी घेऊन शर्यतीत उतरत. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० तयार होऊ लागली. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि पुढे पद्मिनी. चाळीस अश्वशक्ती, चार गिअर, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली, वजन सुमारे ९०० किलो, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे पाटे. कागदावर बिचारी साधीच.

पण मद्रासजवळच्या शोलावरमला, युद्धकाळातल्या धावपट्टीवर, हीच साधी फियाट हेरल्ड आणि अँबॅसडरच्या बरोबरीने पळायची. त्यासाठी करायचं काय? हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, कार्ब्युरेटर मोठा लावायचा, एक्झॉस्ट मोकळा करायचा, मागची सीट काढून वजन उतरवायचं. बाहेरून सुटी गाडी मिळणं मुश्कील, जकात भारी. म्हणून आपल्याकडची शर्यत गॅरेजच्या टेबलावर घडली. माझ्या मते आपल्या मोटार शर्यतींचा खरा इतिहास लेथवर आणि फाइलीच्या टोकावर आहे. तो कुणी लिहून ठेवला नाही.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. एखादी टॅक्सी निदान आठवण म्हणून जपली जाईल. शर्यतीसाठी सजवलेल्या फियाटचं दुखणं वेगळं. ती बाहेरून चारचौघींसारखीच दिसते, त्यामुळे किलोच्या भावाने जाते.

तेव्हा कुणाच्या वाड्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुनी फियाट असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बॉनेट उघडून बघा. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर दिसले, किंवा एक्झॉस्टचे चार नळ वेगवेगळे निघालेले दिसले, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही गाडी कुठे कुठे गेली होती ते.