आबांची डॉज

रात्री पाऊस झाला. रानात वाफसा नाही, म्हणून मी अन् पोरगं आबांच्या डॉज पिकअपला लागलो. मिलिमीटरचे पाने काही सैल, काही बसेचनात. नटांची टोकं गोल व्हायला लागली. म्हटलं, थांब बाबा, अमेरिकन वळणाची गाडी, इंची पाने लागतात.

“अमेरिकन गाडी आपल्याकडं कशी?”

तर मंडळी, सोलापुरात १८८२ ला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात गाड्या जोडायला घेतल्या. पहिली १९४७ ला बाहेर पडली. आपल्याच गावचा माणूस!

भंगारवाल्याला मी मागंच हो म्हणून बसलोय. ते ऐकल्यापासून पोरगं बोलेना. सोमवारी तो येणार. त्याआधी इंजिन फिरवून बघायचंय. कुणाकडं इंची पाने असतील तर कळवा, उसने चालतील.