घरट्यासमोरचा कॅमेरा

नांदगाव आज मुंबई-भुसावळ मार्गावरचं एक मधलं स्टेशन आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक इथेच उतरायचे आणि टांगा करून औरंगाबादच्या वाटेला लागायचे. पुढे मनमाडहून निजामाच्या मुलखात गाडी सुरू झाली आणि ती वर्दळ आटली. नांदगावला येणारी गाडी ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या रुळांवरून यायची, त्याच कंपनीत हेन्री वेंडन नावाचा एक इंजिनिअर नोकरीला होता. रुळांच्या कामावर फिरताना तो पक्षी टिपून ठेवी. आयसीएस अधिकारी जेम्स डेव्हिडसन याच्याबरोबर त्याने दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिलेला लेख 1878 साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आला. हे नियतकालिक अ‍ॅलन ह्यूम चालवत असे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.

घरट्यासमोर कॅमेरा लावून बसण्याच्या आजच्या नादाचं मूळ शोधायला मी या लोकांपासून सुरुवात करतो. त्यांच्यापैकी कोणी घरट्याचे फोटो काढत नव्हतं. त्यांच्याकडे बंदूक असायची आणि अंड्यांची पेटी. अंड्याच्या कुशीला बारीक भोक पाडायचं, नळीने फुंकून आतला बलक काढायचा, रिकामं कवच कापसात ठेवायचं आणि चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, अंड्यांची संख्या लिहायची. घरट्यात चार अंडी असली तर चारही उचलायची, कारण संग्राहकाला अख्खा संच हवा असे. ह्यूमने 1873 पासून हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर ग्रंथ काढला. एच. ई. बार्न्स या लष्करी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या पक्ष्यांवर 1885 मध्ये पुस्तक लिहिलं आणि मग पश्चिम भारतातल्या विणीवर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) नियतकालिकात लेखमाला चालवली. कोणता पक्षी कधी अंडी घालतो, कुठे घालतो, किती घालतो, हे आपल्याला आज ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं या पेट्यांमधून आलेलं आहे. ते ज्ञान खरं आहे आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली, हेही तितकंच खरं.

चिठ्ठीवरचं ठिकाण किती मोलाचं असतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण खानदेशातच घडलं. डेव्हिडसनने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या भागात रानपिंगळा या छोट्या घुबडाचे नमुने गोळा केले. त्यातला एक पुढे रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरला आणि आपण तो 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. दिसेनाशा झालेल्या या पक्ष्याचा पुढच्या अभ्यासकांनी त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलत्याच जागी शोध घेतला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेनने ही लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्या प्रमाण मानल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळच रानपिंगळा पुन्हा पाहिला. नाशिक जिल्हा 1869 मध्ये वेगळा होईपर्यंत नांदगावही खानदेशातच मोडत होतं, त्यामुळे ही गोष्ट मला घरची वाटते.

अंडी गोळा करणाऱ्याचा हात कॅमेऱ्याकडे वळला तो इंग्लंडात. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ लंडनला नोकरीला होते. 10 एप्रिल 1892 या दिवशी चेरीने लंडनजवळ एका कस्तुराच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो काढला. तीन वर्षांनी त्यांचं ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे पुस्तक आलं. घरटी कशी, कुठे, केव्हा शोधायची आणि ओळखायची, असं त्याच्या उपशीर्षकातच सांगितलं होतं. म्हणजे विद्या अंडी शोधणाऱ्याचीच, फक्त शेवटी अंडं जागेवर राहायचं. त्या काळात हा बदल फार मोठा होता आणि कीर्टन बंधूंचं ते श्रेय कोणी काढून घेऊ नये. पुढे पक्ष्यांच्या जवळ जायला त्यांनी पेंढा भरलेल्या बैलाची पोकळ आकृती करून घेतली. माणूस आत उभा राही आणि भिंग बैलाच्या अंगातून बाहेर डोकावे.

पण घरटंच का? याचं उत्तर त्या काळच्या सामानात आहे. काचेच्या प्लेटा मंद होत्या, भिंगं आखूड होती, कॅमेरा तिपाईवर ठेवून आधीच नेम धरून ठेवावा लागे. उडता पक्षी त्यात सापडणं अशक्य होतं. पक्षी एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर, पुन्हा पुन्हा येईल अशी जागा हवी होती आणि तशी जागा वर्षातून काही आठवडेच असते. अंडी उबवायला, पिल्लांना भरवायला तो परत येणारच. फोटोग्राफीची सगळी अडचण पक्ष्याच्या आईपणाने आणि बापपणाने सोडवली. मला या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे दिसते: घरट्याचा फोटो ही यंत्राच्या दुबळेपणातून निघालेली पद्धत होती.

अमेरिकेत फ्रान्सिस हेरिक या प्राध्यापकाने तर घरटं असलेली फांदीच कापून सोयीच्या जागी, चांगल्या उजेडात रोवायची आणि शेजारी तंबू ठोकून आत बसायचं, अशी रीत काढली. 1901 मध्ये त्याने ती पुस्तकात मांडली. पिल्लांच्या ओढीने पालक नव्या जागी येतात, हे त्याने दाखवून दिलं. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. पण घरट्यापुढची पानं दोऱ्याने मागे बांधणं, आड येणारी डहाळी छाटणं हे हेरिकच्याच पद्धतीचं सौम्य रूप, आणि ते अजून चालतं. ती डहाळी पक्ष्याने उन्हासाठी आणि कावळ्याच्या नजरेसाठी आड धरलेली असते.

हिंदुस्थानात ही कला आली ती लष्करातल्या आणि रेल्वेतल्या इंग्रजांबरोबर. आर. एस. पी. बेट्स यांचं ‘बर्ड लाइफ इन इंडिया’ 1931 चं. ई. एच. एन. लोथर यांचं ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ 1949 चं. दोघांनी मिळून काश्मीरच्या विणीच्या पक्ष्यांवर लिहिलेलं पुस्तक 1952 मध्ये निघालं. सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो यांनी पक्षीतज्ज्ञ सालीम अलींच्या संगतीत भारतात पक्ष्यांचे फोटो काढले आणि 1957 मध्ये ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ प्रसिद्ध केलं. ही माणसं हाइडमध्ये, म्हणजे कापडाच्या आडोशात, तासन्‌तास बसत. हाइड एकदम घरट्याशी उभा करायचा नाही, लांब उभारून दिवसादिवसाने पुढे सरकवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यात पक्ष्याचा विचार होता. अशी माणसं देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

घरट्यापाशी बसून काय हाती लागू शकतं, हे सालीम अलींनी किहीमला दाखवलं. 1930 चं साल. जर्मनीहून शिकून आले तर हाताला नोकरी नाही, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. तिथे बसून ते रोज नोंदी करू लागले. खोपा विणतो तो नर, आणि अर्धा विणून झाला की थांबतो. शिरस्त्राणासारखा दिसणारा तो अर्धा खोपा माद्या येऊन आतून बाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती आत राहते, नर लांब नळी विणून काम पुरं करतो आणि लगेच शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला असे अर्धवट खोपे लटकलेले दिसतात, त्यांचं कोडं असं सुटलं. हा अभ्यास 1931 मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात आला. एकाच वसाहतीपाशी महिनोन्‌महिने बसलेल्या माणसाने मिळवलेलं ते ज्ञान होतं. घरट्यापाशी जाण्याचं असं कारण कोणाकडे असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात शिकारीची व्याख्या आहे आणि ती फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा शांतपणे वाचायला हवी. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं, हेही त्या व्याख्येत शिकारच आहे. याच वर्षी सोलापूरजवळच्या नान्नजला बी. एस. कुलकर्णींनी माळढोक असल्याचं लक्षात आणून दिलं आणि 1979 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं. माळढोकाची मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ब्रिटनने अंडी गोळा करण्याला 1954 च्या कायद्याने आळा घातला आणि 1981 च्या कायद्याखाली यादीतल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याशी कॅमेरा घेऊन जायला परवाना सक्तीचा झाला. कीर्टनच्या देशात घरट्याचा फोटो ही अशी परवान्याची बाब बनली.

मग डिजिटल कॅमेरा आला. रोलचा खर्च संपला, एका शटरमागे होणारा विचारही गेला. 2014 च्या आसपास 150 ते 600 मिलिमीटरच्या लेन्स मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आल्या. कीर्टन ज्या फोटोसाठी बैलाच्या पोटात शिरले, तो आता रस्त्याच्या कडेला गाडीत बसून मिळतो. उडता पक्षी, शिकार करणारा पक्षी, पाण्यावर उतरणारा पक्षी, सगळं टिपता येतं. म्हणजे घरट्यापाशी जाण्याचं जे मूळ कारण होतं ते नाहीसं झालं. सवय मात्र वाढली. पावसाच्या तोंडावर स्वर्गीय नर्तकाचं किंवा नवरंगाचं घरटं कुणाला सापडतं, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पडतो आणि खाली पहिला प्रश्न येतो, ‘लोकेशन?’ अंड्यांच्या पेटीतली ती चिठ्ठी अशी आपल्यापर्यंत पोचली आहे. डेव्हिडसनला ठिकाण लिहावंच लागे, नाहीतर नमुना कवडीमोल. आपल्या फोटोला मात्र ठिकाण नसलं तरी काही बिघडत नाही, आणि विणीच्या काळात ते नसणंच बरं.

हे सगळं मी नांदगावच्या माळाला धरून सांगतो आहे, कारण इथलं घरटं झाडावर नसून पायाखाली असतं. तालुका पर्जन्यछायेतला. बाजरी, मका, कांदा आणि मधे मुरमाड, खुरट्या गवताचे पट्टे. शेजारच्या येवल्यात ममदापूर-राजापूरला काळविटांसाठी राखलेलं कुरण आहे, तिकडे जाणाऱ्या गाड्या याच भागातून फिरतात. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, रातवा हे अशा माळाचे रहिवासी आणि सगळे जमिनीवर अंडी घालणारे.

माळटिटवीचं बघा. खळग्याभोवती चार खडे, आत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळवलेली, रंग आजूबाजूच्या मुरमासारखा. वीण ऐन उन्हाळ्यातली. अंड्यातलं पिल्लू साधारण 36 ते 38 अंशांत वाढतं, आणि मे महिन्यात मालेगाव-नांदगावकडे हवेचाच पारा चाळिशी ओलांडतो, मुरमाचा त्याहून वर. म्हणजे या दिवसांत पक्षी अंड्यांना ऊब देत नसतो, सावली देत असतो. तो अंड्यांवर पंख सैल करून उभा राहतो. फारच तापलं तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. आता शंभर फुटांवर एक गाडी येऊन थांबली. माळटिटवी उठली, ओरडत लांब गेली, पंख पसरून आपल्याकडे लक्ष ओढू लागली. फोटोत हे झकास दिसतं. फोटो काढणारा म्हणतो, मी जवळ गेलोच नाही, गाडीतून उतरलोही नाही. पण तो तिथे आहे तोवर ती परत बसत नाही आणि अंडी उघड्या उन्हात आहेत. ती गाडी गेल्यावर दुसरी येते, कारण ठिकाण सगळ्यांना कळलेलं आहे. एका हाइडमध्ये एक लोथर बसणं आणि एका अंड्यापुढे पाळीपाळीने चार गाड्या थांबणं, यात पक्ष्याच्या लेखी फार फरक आहे.

घरट्यापाशी माणसाने अजिबात जाऊच नये, असं मी म्हणत नाही. कोकणात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 मध्ये समुद्रकासवांची घरटी राखायला घेतली आणि 2006 पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कुंपणाच्या आत, पिल्लं सोडायची वेळ ठरलेली, बघणारे दोरीच्या मागे, फ्लॅश बंद. गावातल्या घरांतून पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय होते. तिथे फोटो निघतात, पण जागा आणि वेळ गाव ठरवतं. माळावरच्या अंड्यांभोवती दोरी बांधता येणार नाही, कारण दोरी म्हणजे कुत्र्यामुंगसाला आणि माणसाला दिलेला पत्ताच.

माळावर करता येण्यासारखं साधं आहे. मार्च ते जुलै घरट्यावरचा एकही फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, टाकला तर अ‍ॅडमिनने काढायचा, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो स्वीकारायचा नाही. मेंढपाळांना आणि गुराख्यांना घरटी आधी दिसतात, त्यांना पैसे देऊन जागा विचारायची प्रथा बंद करायची. कॅमेरा बाहेर काढायला नोव्हेंबर उजाडू द्यावा. तेव्हा माळावर भोवत्या उतरलेल्या असतात, ज्वारीवर भोरड्यांचे थवे येतात आणि धाविक गवतातून पळत, थांबत, पुन्हा पळत किडे टिपत असतो. त्याला तेव्हा परत जायला कुठलंच घरटं नसतं.