आंग्र्यांचं चाळीस तोफांचं जहाज, जे कधी पाण्यात उतरलंच नाही

"काय भो, प्याले पानी नही अन् तू जहाजं काढून राह्यला?"

मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एका मित्राने मला हे ऐकवलं. माझ्या डायरीतून एक घडी घातलेला कागद खाली पडला होता. त्यावर पेन्सिलीने काढलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज होतं. मित्राचं बरोबरच आहे. बोदवडहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. आपल्याकडे पाण्याची बातमी म्हणजे नळ किती दिवसांनी येणार, एवढीच. आणि मी पत्रकार माणूस रात्री बसून युद्धनौका काढतो. तीही अशी, जी कधी बांधून पूर्णच झाली नाही.

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज सविस्तर उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, पण शेवटी गाडी बोदवडलाच येणार आहे.

जगभर एक छंद आहे. आराखडा झाला, पण बांधणी झाली नाही, अशा युद्धनौकांची बारीकसारीक तपशिलासह चित्रं काढायची. बाजूने दिसणारं जहाज, वरून दिसणारं जहाज, सगळं मापात. तोफा किती, धुराडं कुठे, होडी कुठे टांगलेली. कल्पनेचे पतंग उडवायचे नाहीत. जेवढा पुरावा तेवढी पक्की रेघ, आणि जिथे अंदाज तिथे तुटक रेघ, असा माझा नियम. आम्हाला पत्रकारितेच्या डिप्लोमात शिकवलेलं बातमी लिहिण्याचं तत्त्व तरी वेगळं कुठे होतं?

एक उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने 'जी-३' नावाच्या चार प्रचंड युद्धनौकांची ऑर्डर दिली. साल १९२१. प्रत्येकी सुमारे ४८ हजार टन, सोळा इंची नऊ तोफा. काही आठवड्यांतच काम थांबवलं गेलं, कारण वॉशिंग्टनला मोठ्या देशांची नौदलं आवरण्याची बोलणी सुरू झाली होती. फेब्रुवारी १९२२ मध्ये करार झाला आणि चारही नौका रद्द. पण कागद राहिले. त्या कागदांवरच्या कल्पना छाटून, आकार कमी करून 'नेल्सन' आणि 'रॉडनी' या दोन युद्धनौका पुढे खरोखर तयार झाल्या. न झालेल्या चार जहाजांची चित्रं लोक आजही काढतात. काढू शकतात, कारण आराखडे जपून ठेवलेले आहेत.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. कागदाची किंमत काय असते ते हिच्यात कळतं.

१८१२ मध्ये ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीत एक फ्रिगेट बांधायचं ठरवलं. नाव 'त्रिंकोमाली'. मलबारचं सागवान आणि जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखालचे कारागीर. आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेवर पाठवले. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठलं. लढाईत 'जावा' हरली आणि नंतर जाळून टाकली गेली. त्रिंकोमालीचे आराखडेही गेले.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती. पण मूळ आराखडा इंग्लंडमध्ये होता. त्याची परत प्रत निघाली, ती मुंबईला आली. १८१६ मध्ये कामाचा मुहूर्त झाला, चांदीचा खिळा ठोकून. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. दोनशे वर्षं उलटून गेली, ते मुंबईचं सागवान अजून तरंगतंय. इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी लोक तिकीट काढून ते बघतात.

म्हणजे बघा. त्रिंकोमालीही न बांधलेल्या जहाजांच्या यादीत जाऊ शकली असती. तिला वाचवलं कपाटातल्या दुसऱ्या प्रतीने.

आता उलट गोष्ट. ही आपली आहे आणि जरा टोचणारी आहे.

त्याआधी साठेक वर्षं. विजयदुर्ग. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, पुढे घरात वाटण्या झाल्या, आणि विजयदुर्गाचं आरमार तुळाजी आंग्र्यांकडे आलं. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तह केला आणि दोघे मिळून तुळाजींवर उठले. आधी सुवर्णदुर्ग पडला. मग फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन विजयदुर्गासमोर आला. त्याच्याबरोबर फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. तोच, पुढच्या वर्षी प्लासीला दिसतो तो.

१२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच काही वर्षांपूर्वी जिंकून आणलेलं. ते पेटलं आणि त्याच्या आगीत शेजारची सगळी जहाजं पेटत गेली. एका संध्याकाळीत आरमार राख झालं. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला.

इंग्रजांनी जळालेल्या जहाजांची यादी केली. वीस तोफांची तीन डोलकाठ्यांची तीन जहाजं. बारा ते सोळा तोफांची दोन डोलकाठ्यांची नऊ. सहा ते दहा तोफांची तेरा गलबतं. इतर तीस. आणि यादीच्या शेवटी, बांधणीवर असलेली दोन जहाजं. त्यातल्या एकाला चाळीस तोफांसाठी खिडक्या ठेवलेल्या होत्या.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर अडकलो. तुळाजींचं सगळ्यात मोठं जहाज वीस तोफांचं. आणि किनाऱ्यावर चाळीसचं चाललं होतं! दुप्पट. म्हणजे हा माणूस इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या तोडीला जायची तयारी करत होता. ते जहाज पाण्यात उतरलं असतं तर पुढे काय झालं असतं, हा खेळ मी खेळणार नाही. पण तयारी होती, एवढं त्या एका ओळीने सिद्ध होतं. आणि ती ओळ कोणी लिहून ठेवली? जाळणाऱ्यांनी.

त्या जहाजाचं चित्र कुठेही नाही. आराखडाही माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडचा जहाजबांधणीचा मेस्त्री कागदावर काम करतच नव्हता. मापं त्याच्या डोक्यात, हातात आणि दोरीच्या गाठीत. बाप मुलाला शिकवायचा, मुलगा नातवाला. विद्या अव्वल होती, नाहीतर इतकी वर्षं समुद्रावर धाक राहिला नसता. पण किनारा पेटला, मेस्त्री पांगले, की मागे काही उरत नाही.

म्हणून मी ते जहाज काढायला बसलो.

हाताशी काय होतं? एक आकडा, चाळीस. आणि रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केलेलं गुराबाचं वर्णन. तीन डोलकाठ्यांचा गुराब सुमारे तीनशे टनांचा, लांबीच्या मानाने रुंद, थोड्या पाण्यातही चालणारा. पुढचं टोक चोचीसारखं बाहेर आलेलं, आणि समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. बाकी तुटक रेघ.

पहिल्यांदा मी सरळ हिशोब केला. एका बाजूला वीस खिडक्या, एका ओळीत. मग त्रिंकोमालीशी ताडून पाहिलं. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी साधारण दीडशे फूट आणि एका बाजूला चौदा तोफा. म्हणजे तोफेमागे दहा-अकरा फूट. या मापाने वीस तोफांना दोनशे फुटांच्या वर लांबी लागते. नेल्सनची 'व्हिक्टरी' शंभर तोफांची, तिचा तोफांचा मजला १८६ फूट. तुळाजींचं जहाज तिच्याहून लांब? शक्य नाही. कागद फाडला.

दुसऱ्यांदा तोफा लहान धरल्या आणि जवळजवळ बसवल्या. तिसऱ्यांदा खाली एक ओळ आणि मागच्या उंच भागावर वर एक छोटी ओळ. दोन्ही बसतात. खरं कोणतं, ते कागद सांगत नाही. मी दोन्ही चित्रं ठेवली आहेत, दोन्हीवर 'अंदाज' असं लिहून. टपरीवर पडला तो कागद त्यातलाच.

तीन रात्री गेल्या आणि हातात आल्या दोन तुटक रेघांच्या होड्या. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ब्रिटिशांचं न झालेलं जहाज मी आजही खिळ्यासकट काढू शकतो. आणि आपलं, जे अर्धं उभं होतं, लाकूड तासलेलं होतं, खिडक्या पाडलेल्या होत्या, त्याचा साधा आकारही मला काढता येत नाही. जे झालं नाही ते तिकडे आहे, आणि जे होत होतं ते इकडे नाही.

आता गाडी बोदवडला.

आपली पाचोरा-जामनेर, म्हणजे पीजे, २०२० पासून बंद आहे. तिचा छोटा रूळ मोठा करून ती बोदवडपर्यंत आणायची, एकूण ८४ किलोमीटर, असा आराखडा आहे. बोदवडच्या टोकाला अजून तिची शिट्टी वाजलेली नाही. ही लाइन होईल तेव्हा होवो, मी आज तिच्याबद्दल भांडत नाही. माझं भांडण वेगळं आहे. आपल्या भागात पाण्याच्या, रस्त्यांच्या, रुळांच्या किती योजना आखल्या गेल्या, त्यातल्या किती झाल्या, किती अर्ध्यावर राहिल्या, याचे मूळ नकाशे आज कोण दाखवू शकतं?

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही. बाहेर व्हरांड्यात रद्दीवाला वजन करत होता. गठ्ठ्यात निळ्या ब्लूप्रिंटच्या गुंडाळ्या होत्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. मी एक उघडली. पाइपलाइनचा नकाशा होता. कुठल्या गावाचा ते वाचेपर्यंत शिपाई म्हणाला, "साहेब, जुनं आहे, ते काही झालं नाही." मी गुंडाळी परत ठेवली. तेव्हा मलाही वाटलं, झालंच नाही तर ठेवून काय करायचं?

आज मला त्याचीच लाज वाटते. जे झालं ते गावात डोळ्यांनी दिसतं. जे झालं नाही त्याला कागदाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. नकाशा असेल तर उद्या कोणी पोरगं उभं राहून विचारू शकतं, ही पाइपलाइन इथून जाणार होती, मग अडलं कुठे? नकाशा गेला की तो प्रश्नही गेला. मग उरतं फक्त "काहीतरी होणार होतं म्हणे". विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर जे उरलं तेवढंच.

तर मित्रा, टपरीवरच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. पाणी नाही म्हणूनच जहाजं काढतो.

आणि मंडळी, एक विनंती. तुमच्या वडिलांनी, आजोबांनी ओव्हरसियर, मिस्त्री, ठेकेदार, ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं असेल आणि माळ्यावर जुन्या नकाशांची गुंडाळी पडली असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. उन्हात नीट पसरा, मोबाइलवर फोटो काढा, मागे साल आणि गावाचं नाव लिहा. योजना झाली नसेल तर जास्तच जपा.