बारा बोअरमधले बारा

धारवाडच्या सुभाष रोडवर काजू घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, ''दोनशे चाळीस देऊ का तीनशे वीस?'' हा भाव नव्हे. एका पाउंडात साधारण किती गर बसतात, त्याचा हा नंबर. म्हणून २४० चा गर मोठा आणि ३२० चा लहान; आकडा चढला की माल बारीक. बंदुकीच्या 'बारा बोअर'चं कूळ याच हिशेबात आहे.

बोअर म्हणजे नळीचं भोक. पण बारा हे काही त्या भोकाचं माप नाही. पाउंडभर शिसं वितळवून त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या ओतायच्या. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. गोळी ३७.८ ग्रॅमची, भोक साडेअठरा मिलिमीटरचं. पाउंडात आठच गोळ्या केल्या तर प्रत्येक ५६.७ ग्रॅमची, चारच केल्या तर ११३ ग्रॅमची. एकोणिसाव्या शतकात हत्तीमागे जाणारे शिकारी अशी आठ आणि चार बोअरची धुडं वागवत.

पुढे नळीला आतून पीळ आला, गोळी लांबट झाली आणि हा हिशेब मोडला. लांबट गोळीच्या वजनावरून भोक कळेना, म्हणून रायफलीची नावं इंचाच्या अंशांत पडू लागली. मोठ्या अस्वलाच्या शिकारीसाठी आजही जिचं नाव घेतात ती .३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ सालची. तिची ३०० ग्रेनची गोळी भरते १९.४ ग्रॅम, बारा बोअरच्या गोळीच्या जेमतेम निम्मी; पण सुटते सेकंदाला सुमारे पावणेआठशे मीटर वेगानं.

नुसत्या वेगानं मात्र भागत नाही. अलास्कातलं मोठं नर अस्वल पाच-सहाशे किलोंचं असू शकतं. चरबी जाड, खांद्याचं हाड भक्कम. मऊ गोळी वरच फुटली तर जनावर जखमी होऊन तडफडतं. म्हणून भोकाइतकीच गोळीची घडण पाहावी लागते. जॉन नोस्लर या अमेरिकनानं १९४८ साली विकायला आणलेल्या गोळीत मधोमध धातूची भिंत होती: पुढचं शिसं पसरतं, मागचं शाबूत राहून खोल शिरतं.

या गोळ्यांचं वजन सांगणारा 'ग्रेन' म्हणजे तरी काय? धान्याचा दाणा. सोनाराची गुंज जशी मुळात वेलीची बी, तसाच हा. पाउंडात ७,००० ग्रेन. नाव इंचात गेलं, तरी गोळी तोलायला दाणाच लागला.

धारवाडच्या पश्चिमेला, दांडेलीच्या रानात आपलं अस्वल राहतं. कन्नडमध्ये त्याला करडी म्हणतात. नर फार तर सव्वाशे-दीडशे किलोंचा. आज ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे, तो असायलाच हवा.

पाउंड दुकानांतून केव्हाच गेला, किलो आला. पाउंड उरला तो काजूच्या नंबरात आणि बंदुकीच्या नावात. काजूचा हिशेब चालू राहो. करडीसाठी शिसं तोलायची वेळ मात्र आपल्या रानात पुन्हा न येवो.