जीर्णोद्धार : जुन्या वास्तूला नवे आयुष्य देण्याची परंपरा

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या गावोगावी इतका रुळलेला आहे की त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जीर्ण म्हणजे झिजलेले, थकलेले. उद्धार म्हणजे हात देऊन वर काढणे. पाडून टाकणे हा अर्थ या शब्दात कोठेही नाही. घरातील वृद्ध माणूस थकला म्हणजे त्याला आधार द्यावयाचा असतो, त्याच्या जागी दुसरा माणूस आणून बसवावयाचा नसतो. देवालयाचेही तसेच आहे. आज मात्र अनेक ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने दगडी मंदिर उतरवून त्या जागी सिमेंटचे नवे मंदिर उभे केले जाते. म्हणूनच पूर्वजांनी ही कामे कशी केली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

महाराष्ट्रातील जुन्या दगडी देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. परंतु या पद्धतीची बांधणी त्याच्या आधीपासून चालत आली आहे. अंबरनाथचे शिवालय शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधील शिलालेखाने प्रसिद्ध असून ते शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातील आहे. या देवळांत घडीव दगड एकमेकांत खाचा-कुसू करून बसवलेले असतात. सांध्यात चुना नसतो. दगडाचे वजनच दगडाला धरून ठेवते. त्यामुळे एखादा दगड हलला तर तो नीट उतरवून, क्रमांक घालून पुन्हा जागेवर बसवता येतो.

पुढे धामधुमीच्या काळात अनेक देवळांची शिखरे ढासळली, मंडप उघडे पडले. मराठेशाहीत त्यांची डागडुजी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच शहाणी पद्धत दिसते. शाबूत राहिलेला दगडी गाभारा तसाच ठेवावयाचा, त्यावर विटा-चुन्याचे शिखर चढवावयाचे आणि पुढे लाकडी खांबांचा सभामंडप उभारावयाचा. गाभारा यादवांचा, शिखर पेशवाईतले आणि सभामंडप गावकऱ्यांचा, अशी कितीतरी मंदिरे आजही आढळतात. वेरूळच्या घृष्णेश्वराचा उद्धार प्रथम मालोजीराजे भोसले यांनी केला आणि अठराव्या शतकात होळकर घराण्याने ते काम पुन्हा हाती घेतले. प्रत्येक पिढीने आपल्या काळाची भर घातली, पण मागच्या पिढीचा हात पुसून टाकला नाही.

नवा सभामंडप ही त्या काळची गरज होती. कीर्तन, सप्ताह, पुराण, पंचांची बैठक यांना जागा हवी होती. पुढे कित्येक गावांतील पहिली शाळाही देवळाच्या ओवरीत किंवा सभामंडपातच भरली. म्हणजे जुनी वास्तू नव्या उपयोगाला लावणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे.

हीच गोष्ट वाड्यांच्या बाबतीत पाहण्यासारखी आहे. पुण्याचा शनिवारवाडा 1828 साली आगीत भस्मसात झाला. आज तेथे तट, दरवाजे आणि चौथरे तेवढे उभे आहेत. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबाग वाड्यालाही 1879 च्या मे महिन्यात आग लागली आणि त्याचा मोठा भाग जळाला. परंतु हा वाडा तोवर लोकांच्या कामाचा झाला होता. पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यानंतर तीनच वर्षांनी, 1821 साली, तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. जळालेला भाग लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या साहाय्याने दुरुस्त झाला. पुढे पुणे नगरपालिकेची कचेरीही त्या वाड्यात होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याची कोरीव लाकडी गॅलरी आणि आत सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब आजही पाहावयास मिळतात. ज्या वास्तूत माणसांची ये-जा असते, तिच्या छपराची गळती कोणाच्या तरी लक्षात येते, हा यातील साधा धडा होय.

व्हेनिस येथे 1964 साली वास्तुतज्ज्ञांची जी सनद तयार झाली, तिनेही हेच तत्त्व मांडले. समाजाच्या उपयोगी पडल्याने वास्तूचे जतन सुकर होते. मात्र त्या उपयोगासाठी तिची मूळ मांडणी व सजावट बदलू नये, असा तिचा आशय आहे. आणखी एक मोलाची गोष्ट तीत आहे : जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्रचनेचे काम थांबले पाहिजे. गेलेल्या शिल्पाचे नाक कसे होते हे माहीत नसेल, तर मनाने नवे नाक बसवू नये.

आता चुकांचा विचार करू. चुक्या करणाऱ्यांची भावना चांगली असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. देव स्वच्छ दिसावा म्हणून काळ्या पाषाणावर ऑइलपेंट दिला जातो. भिंत चकचकीत व्हावी म्हणून फरशा बसवल्या जातात. गळती थांबावी म्हणून चुन्याच्या शिखरावर सिमेंटचा गिलावा चढवला जातो. परंतु चुना हा श्वास घेणारा माल आहे. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट आणि ऑइलपेंट ती वाट बंद करतात. ओल आतच कोंडते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि विटा व दगड यांचे पापुद्रे सुटू लागतात. वरून भिंत नवी दिसते, आतून ती पोखरत असते. मग रंग काढण्यासाठी वाळूचा मारा करतात आणि शतकानुशतके टिकलेली कोरीव रेघ एका दिवसात बोथट होते.

या चुका सुधारता येतात, याचे उदाहरण सर्व वारकऱ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिरात 2024 साली पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली जतनाचे काम झाले. त्यासाठी मार्च ते जून या काळात पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद ठेवण्यात आले. गाभाऱ्यात व मंडपात नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा काढण्यात आल्या आणि आतला मूळ पाषाण पुन्हा दिसू लागला. लाखो भाविकांचे पाय लागणाऱ्या मंदिरात हे होऊ शकते, तर लहान गावात का होऊ नये?

आजच्या गरजा खोट्या आहेत असे मात्र कोणी समजू नये. वीज हवी, पंखे हवेत, महाप्रसादाला ऐसपैस जागा हवी, गुडघे दुखणाऱ्या आजीला पायऱ्यांशेजारी उतरण हवी. प्रश्न एवढाच की ते कसे करावे. अनुभवी वास्तुविशारदांची रीत साधारण अशी असते. प्रथम मंदिराची मोजमापे व छायाचित्रे घेऊन नोंद करावी. मग पाण्याचा बंदोबस्त करावा. शिखरावरची पिंपळाची रोपे मुळासकट काढावी आणि पायाशी साचणारे पावसाचे पाणी गटार काढून दूर न्यावे. त्यानंतर सांधे चुन्यानेच भरावेत. विजेच्या तारा दगडाला भोके न पाडता सांध्यांमधून न्याव्यात. मोठे सभागृह, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह ही नवी बांधकामे मंदिराला न चिकटवता अंतर राखून आणि शिखरापेक्षा ठेंगणी बांधावीत. मंदिर संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाची परवानगी घेतल्याशिवाय दगडाला हात लावू नये.

देणगीदारांचा मोठेपणा या कामात विशेष आहे. नव्या संगमरवरी फरशीवर दात्याचे नाव कोरता येते. चुन्याने भरलेल्या सांध्यावर किंवा अंगणाखालच्या गटारावर ते कोरता येत नाही. असे न दिसणारे काम ज्यांच्या पैशातून होते, त्यांची नावे स्मरणिकेत आणि प्रवेशद्वाराबाहेरच्या एका स्वतंत्र शिळेवर यावीत, जुन्या खांबांवर येऊ नयेत. ज्या पाथरवटांनी हे खांब घडवले त्यांनीही आपली नावे बहुतेक ठिकाणी मागे ठेवलेली नाहीत.

देवालय कोणा एका पिढीच्या मालकीचे नसते. ते आजोबांकडून आलेले असते आणि नातवंडांकडे जावयाचे असते. मधल्या पिढीकडे त्याची राखण तेवढी असते. आज जे ग्रामस्थ श्रमदान करतात आणि जे बंधू-भगिनी यथाशक्ती द्रव्य देतात, त्यांच्या हातून ती राखण उत्तम रीतीने घडो. पुढे कधीतरी एखाद्या मुलाने गाभाऱ्याच्या जुन्या दगडावरून हात फिरवला, तर त्याला पूर्वीच्या कारागिराची छिन्नी जाणवावी. जीर्णोद्धाराचे खरे पुण्य त्यातच आहे.