उजेड किती हवा?

आमच्या अंधेरीच्या घरात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नसे. ती ‘बॅटरी’. पत्र्याची, तीन सेलांची. उजेड पिवळा पडला की अम्मी सेल उन्हात ठेवायची. दिवसभर तापवले की आणखी दोन रात्री निभावत. आज दुकानात गेलो, की विक्रेता प्रथम ‘किती लुमेन?’ विचारतो. जितका उजेड जास्त तितकी वस्तू चांगली, असा आपला समज झाला आहे. तो मला तपासून पाहावासा वाटतो.

१८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाने नळीच्या आकाराच्या विजेच्या दिव्याचे पेटंट घेतले. त्या वेळचे सेल इतके दुबळे, की दिवा सलग जळत नसे. क्षणभर लावायचा आणि विझवायचा. ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यातूनच आले. आपल्याकडे मात्र मोठ्या कामाला बराच काळ गॅसबत्तीच लागे. पंप मारून रॉकेलची वाफ करायची आणि ती मेंटलवर जाळायची.

अशी बत्ती मी लहानपणी वेसाव्याच्या कोळीवाड्यात पाहिली. मित्राचे वडील डोलीने मासेमारी करत. डोल जाळे समुद्रात खुंटांना बांधलेले असते. प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते आणि पाणी थबकले की जाळे ओढायचे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे हे काम कधी भर मध्यरात्री येते. एकदा किनाऱ्यावर मी हौसेने बत्ती उंच धरली. काका म्हणाले, ‘‘बत्ती पायाशी ठेव, डोळ्यात नको.’’

त्याचे शास्त्र मला पुढे कळले. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोताने ती कमाई बुडते. मग दूरच्या होडीचा दिवा दिसत नाही.

खाणकामगारांच्या टोपीवरचा दिवा आता हेडलॅम्प म्हणून सगळीकडे मिळतो. दोरी ओढताना, चिंबोरी सोडवताना दोन्ही हात मोकळे राहतात, हा त्याचा मोठा गुण. पण धुक्यात आणि धो धो पावसात डोळ्यांलगतचा दिवा समोर पांढरा पडदा उभा करतो. तेव्हा हातातली बॅटरी कमरेपाशी धरलेली बरी. घेताना मंद उजेडाची सोय आहे का ते पाहा. लाल दिवा असेल तर उत्तम, त्याने डोळे कमी दिपतात. ‘आयपीएक्स ७’ लिहिले असेल, तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची ती कसोटी आहे.

१९९० च्या दशकात निळा एलईडी हाती आला. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. उजेड स्वस्त झाला. मग समुद्रात जनरेटर लावून प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करण्याचे तंत्र आले. डोलवाला प्रवाहाने आणलेले घेतो. एलईडीवाला आजूबाजूचे सगळे ओढून नेतो, पिल्लेसुद्धा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये कायद्यातले दंड वाढवले. तरी छोट्या मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही.

जंगलातही हेच झाले होते. झोत टाकला की जनावर दिपून थबकते, म्हणून शिकाऱ्याचा हा दिवा बंदुकीइतकाच घातक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कृत्रिम उजेडातल्या शिकारीवर निर्बंध आणले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. २००४ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. २०११ पासून वन विभागाच्या पुढाकाराने लोकशिक्षणाची मोहीम चालली. कचरा साठू देऊ नका, रात्री एकटे जाऊ नका, हातात बॅटरी ठेवा. बोरिवली असो की मुलुंड, उद्यानालगतच्या वस्तीत ही बॅटरी बिबट्याला दिपवायला नसते. आपण येतो आहोत हे त्याला कळावे आणि आपल्याला वाट दिसावी, एवढेच तिचे काम.

म्हणून बॅटरी घेताना लुमेनच्या आधी काम सांगा. वाट पाहण्यापुरता उजेड हवा असेल, तर तो फारसा महाग पडत नाही. मी अजून काकांचे ऐकतो, झोत पायाशी ठेवतो.