कुष्ठरोग बरा झाला तरी फिजिओथेरपी का लागते?

पनवेलजवळच्या नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. कुष्ठरुग्णांचे उपचार आणि पुनर्वसन हे या संस्थेचे अनेक दशकांचे काम. पण गोळ्यांनी रोग बरा होतो, तर पुनर्वसन कशासाठी?

गोळ्या काय करतात, काय नाही?

एमडीटी ही औषधे साधारण ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ती जंतू मारतात. मात्र आधीच दुखावलेली नस त्यामुळे पूर्ववत होईलच असे नाही. कोपराजवळची अल्नर नस निकामी झाली की करंगळी आणि अनामिका आत वळतात. दुर्लक्ष केल्यास सांधे आखडतात. मग बोटे दुसऱ्या हाताने ओढूनही सरळ होत नाहीत. हे आखडणे रोखणे हेच फिजिओथेरपीचे मुख्य काम.

कोणते उपचार करतात?

- पाणी आणि तेल: अशा हाताला घाम येत नाही, त्वचेला भेगा पडतात. हात साध्या पाण्यात सुमारे २० मिनिटे भिजवून ओलसर असतानाच तेल लावतात.
- ताण देणे: हात मांडीवर उताणा ठेवून दुसऱ्या हाताने वळलेली बोटे हळूहळू सरळ करतात.
- स्नायूंचा व्यायाम: उरलेली ताकद टिकवण्यासाठी बोटे स्वतःहून सरळ करण्याचा सराव.
- स्प्लिंट: बोटे सरळ ठेवणारा आधार.
- मेणाचा शेक: आखडलेले सांधे सैल करण्यासाठी, फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

शस्त्रक्रियेशी काय संबंध?

वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. यात चांगल्या स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) वळवून बोटांना जोडतात. त्यासाठी सांधे आधीच मोकळे असावे लागतात. नंतर त्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. दोन्ही टप्प्यांवर फिजिओथेरपी हवीच.

घरी काय टाळावे?

गरम पाण्याची पिशवी वापरू नये. बधिर हाताला चटका कळत नाही. गरम भांडे कापडाने धरावे आणि हातपाय रोज तपासावेत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बधिर चट्टा दिसला किंवा बोटांची ताकद कमी झाली तर लगेच. कमजोरी ६ महिन्यांच्या आतली असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडने नस सुधारण्याची शक्यता असते. उशीर झाला की ही संधी कमी होते.